वार्धक्यातील क्षुधामांद्य

चिकलठाण्याच्या शिवारातील जमिनी औद्योगिक वसाहतीखाली जाताना ज्यांनी डोळ्यांदेखत पाहिल्या, ती पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. आणि मुले-सुना कारखान्यांच्या पाळ्यांवर जाऊ-येऊ लागल्यामुळे एके काळी पंक्तीला बसून जेवणाऱ्या या वृद्धांपैकी पुष्कळांना आता दुपारची भाकरी एकट्यानेच खावी लागते. ‘आईला जेवण जात नाही’, ‘अण्णांची अन्नावरची वासनाच उडाली’, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते, आणि तिच्यावर ‘वय झाले, भूक लागली की खातील’ असा निवाडा देऊन मंडळी मोकळी होतात. या निवाड्याचा पूर्वार्ध काही अंशी खरा आहे; उत्तरार्ध मात्र शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही.

अमेरिकेत सुझन रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत उद्बोधक आहे. तरुण व वृद्ध अशा निरोगी पुरुषांना त्यांनी 21 दिवस गरजेपेक्षा बरेच कमी अन्न दिले आणि त्यानंतर हवे तेवढे खाण्याची मोकळीक दिली. तरुणांनी अधिक खाऊन गमावलेले वजन भरून काढले. वृद्धांच्या आहारात मात्र तशी भरपाई करणारी वाढ झाली नाही. उपासाची तूट वसूल करण्याचा तगादा तरुण शरीर आपण होऊन लावते. वृद्ध शरीरात तो तगादाच क्षीण झालेला असतो. म्हणून तापाने किंवा शस्त्रक्रियेने चार दिवस खाणे सुटले, तर ते पुढे आपोआप रुळावर येईल, असे गृहीत धरता येत नाही.

या मांद्याची कारणे शरीराच्या अंतर्गत कारभारात आहेत. वयाबरोबर स्नायू घटतात, हालचाल मंदावते, त्यामुळे ऊर्जेची गरज काहीशी कमी होते, हे खरे. परंतु त्याचबरोबर जठर सावकाश रिकामे होते. तृप्तीची वर्दी मेंदूला देणाऱ्या कोलेसिस्टोकायनिन या संप्रेरकाचे रक्तातील प्रमाण वृद्धांत अधिक आढळते. आणि घ्राणशक्ती मंदावल्यामुळे फोडणीचा खमंग वास पूर्वीसारखा पोहोचत नाही. 65 ते 80 या वयातील निम्म्याहून अधिक व्यक्तींची घ्राणशक्ती लक्षणीय प्रमाणात घटलेली असते, असे रिचर्ड डॉटी यांनी 1984 साली दाखवून दिले. तहानही अशीच बोथट होत असल्यामुळे मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाणी मागण्याची वाट न पाहता ते देत राहणे इष्ट ठरते.

तथापि, सारा दोष वयाच्या माथी मारणे धोक्याचे आहे. सैल झालेली कवळी, बद्धकोष्ठता, नैराश्य, थायरॉइडचा विकार, क्षयरोग, कर्करोग, स्मृतिभ्रंशाचा आरंभ, तसेच मेटफॉर्मिन व डिगॉक्सिन यांसारखी औषधे, यांपैकी कोणतेही कारण भूक मारू शकते, आणि त्यांतील कित्येकांवर इलाज आहे. सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून अधिक, म्हणजे 60 किलोच्या माणसाचे तीन किलोंहून अधिक, हेतुपुरस्सर प्रयत्न न करता उतरले, तर तपासणीत दिरंगाई करू नये. चिकलठाण्यातच ‘मिनी घाटी’ नावाने ओळखले जाणारे जिल्हा रुग्णालय आहे. तेथे जाताना चालू असलेल्या सर्व औषधांची यादी बरोबर न्यावी. मात्र कोणतेही औषध परस्पर बंद करू नये.

घरातील तजवीज साधी असते. ऊर्जेची गरज घटली तरी प्रथिनांची घटत नाही. म्हणून भरल्या ताटाचा आग्रह करण्याऐवजी थोडे थोडे, पण अधिक वेळा द्यावे, आणि त्या थोड्यात डाळ, दही, अंडे, शेंगदाण्याचे कूट यांना अग्रस्थान असावे. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास हा बदल डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा. जॉन द कास्ट्रो यांच्या अभ्यासांत माणसे एकट्यापेक्षा सोबतीत अधिक खातात असे आढळले. तेव्हा पाळीच्या वेळा पाहून दिवसातले एक जेवण तरी एकत्र व्हावे, यात भावनेइतकीच शास्त्राचीही शिफारस आहे.

दर महिन्याला एकाच काट्यावर वजन करून त्याची नोंद ठेवली, तर भुकेने न केलेली तक्रार ती वही वेळेवर करील. आणि उपचाराला अवधी शिल्लक असतानाच डॉक्टरांपुढे नुसत्या काळजीऐवजी आकडे ठेवता येतील.