बाळसे आणि काटा

लातूर आणि नांदेड ही नगरे आज विद्यार्थ्यांची नगरे म्हणून महाराष्ट्रास परिचित आहेत. दूरदूरच्या गावांहून मुले येथे शिकवणीसाठी येऊन राहतात आणि त्यांच्या प्रत्येक चाचणीचे गुण गावी बसलेल्या आईबापांस तोंडपाठ असतात. मागच्या चाचणीपेक्षा चार गुण उतरले की घरात काळजी सुरू होते. मुलगा अजून उत्तीर्णांत आहे, एवढ्यावर कोणी समाधान मानीत नाही. नेमका हाच विवेक तान्ह्या मुलाच्या वजनाविषयी बाळगावयाचा असतो. त्यासाठीही एक प्रगतिपुस्तक आहे, आणि ते ह्या दोन्ही जिल्ह्यांतील अंगणवाड्यांतून दरमहा लिहिले जाते.

निरोगी मुलाचे जन्माच्या वेळचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट आणि वर्षअखेर तिप्पट व्हावे, असा ढोबळ हिशेब आहे. आरंभीच्या तीन महिन्यांत महिन्याकाठी पाऊण किलो किंवा त्याहून थोडी अधिक भर पडते. वर्ष भरत येते तेव्हा ती 200 ग्रॅमच्या आसपास उतरते. ‘बाळसे धरणे’ हा आपल्या भाषेतील मोठा गोड शब्दप्रयोग आहे. परंतु बाळसे डोळ्यांनीच जोखावयाचे म्हटले म्हणजे डोळा फसतो. जी आई लेकराला रोज पाहते तिलाच त्याची थांबलेली वाढ सर्वांत उशिरा दिसते. मूल रोडावलेले नजरेस येईपर्यंत दोनतीन महिने हातचे गेलेले असतात.

ही अडचण ओळखून डेव्हिड मॉर्ले ह्या इंग्रज बालवैद्याने नायजेरियातील खेड्यात काम करीत असताना वजनाचा तक्ता प्रचारात आणला. तक्त्यापेक्षाही महत्त्वाची त्याची एक युक्ती अशी की, तो कागद दवाखान्याच्या कपाटात न ठेवता आईच्या हाती द्यावयाचा. भारतात 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर अंगणवाडीतील काटा आला. ‘आमची माणसे मुळातच लहान चणीची, परक्यांचे माप आम्हांस कशाला?’ अशी शंका सुशिक्षित घरांतूनही काढली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये जी मानके प्रसिद्ध केली, ती ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत ह्या सहा देशांतील मुले मोजून बांधलेली आहेत. भारतातील मुले दिल्लीची होती. आईच्या दुधावर वाढलेली व सुस्थितीतील ही मुले पहिल्या पाच वर्षांत सर्वत्र जवळजवळ सारखीच वाढतात, असे त्यात दिसून आले. तेव्हा चणीचा हा बचाव फारसा टिकत नाही.

तक्त्यावर रंगांचे पट्टे असतात आणि बहुतेकांचे लक्ष पट्ट्याकडेच जाते. वास्तविक पाहावयाची ती रेघ. हिरव्या पट्ट्यात असूनही जिची रेघ दोन महिने आडवी पडली आहे अशा मुलीची चिंता आधी करावी. पिवळ्या पट्ट्यात असून वर चढणारे मूल चांगल्या वाटेस लागलेले आहे. मात्र रेघ खरी हवी तर काटा शून्यावर आणून मुलास अगदी कमी कपड्यांत तोलले पाहिजे. थंडीतली कुंची, लोकरीचे मोजे आणि पायांतले वाळे मिळून महिन्याभराच्या वाढीइतके वजन सहज दाखवितात!

मग आया मुलांना नेमाने का आणीत नाहीत? वजन केल्याने मुलास दृष्ट लागते, ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. परंतु नवस फेडावयाचा म्हणून त्याच मुलाची गुळाने तुला करावयास कोणी कचरत नाही. तेव्हा दोष सर्वस्वी समजुतीवर टाकणे बरोबर नव्हे. खऱ्या अडचणी निराळ्याच आहेत. पहिले बाळंतपण माहेरी होते आणि नोंद राहते दोन गावांत अर्धीअर्धी. सोयाबीनच्या काढणीत नि कापसाच्या वेचणीत आई दिवसभर रानात असते. लेकरू अंगणवाडीत येते ते आजीच्या कडेवर, आणि सांगितलेले अर्धे वाटेतच विसरले जाते. मुखेड-कंधारकडील कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात. त्यांच्या मुलांची रेघ तेथेच तुटते आणि उन्हाळ्यात पुन्हा सुरू होते. एरवीही लसी संपत आल्या की येणे मंदावते.

ह्या सर्वांहून मोठे कारण असे की, वजन करून आईला पुष्कळदा काहीच सांगितले जात नाही. आकडा वहीत जातो, आई घरी जाते. अशा वजनाने मूल वाढत नाही. दक्षिण भारतातील 12 खेड्यांत ह्याची परीक्षा झाली. निम्म्या खेड्यांत वजनाचा तक्ता ठेवला, निम्म्यांत तो न ठेवता केवळ आहाराचे शिक्षण व इतर सेवा दिल्या. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दोन्हीकडील मुलांच्या वाढीत फरक आढळला नाही. काटा निरुपयोगी, असा ह्याचा अर्थ काढणे घाईचे होईल. परंतु काटा स्वतः औषध नव्हे, एवढे त्यावरून नक्की कळते.

मराठवाड्याने ह्याची दुसरी बाजूही पाहिली आहे. 2002 मध्ये तत्कालीन औरंगाबाद विभागात, ज्यात नांदेड व लातूर दोन्ही येतात, विभागीय आयुक्त व्ही. रमणी ह्यांच्या पुढाकाराने प्रत्येक मुलाचे वजन घेण्याची व अतिकुपोषित मुलांवर तत्काळ उपचार करण्याची मोहीम निघाली. तिच्यातूनच 2005 मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभे राहिले. खरे वजन लिहिणाऱ्या सेविकेस दोष द्यावयाचा नाही, हा तिचा मोठा गुण. कुपोषित मुलांचा आकडा वाढला म्हणजे काम बिघडले असे समजणारा अधिकारी असला की काट्यावरची मुले कागदावरच लठ्ठ होतात. तथापि महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील कमी वजनाच्या मुलांचे प्रमाण 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत शेकडा 36 होते, आणि 2019-21 च्या पाहणीतही ते तेथेच राहिले.

मग आईला सांगावयाचे तरी काय? सहाव्या महिन्यानंतर आडवी झालेली रेघ पाहून प्रथम उष्टावणाची चौकशी करावी. पुष्कळ घरी उष्टावण थाटाने होते आणि पुढे लेकराला मिळते वरणाचे नुसते पाणी. त्याऐवजी घट्ट वरणात ज्वारीची भाकरी मऊ कुस्करून, वर चमचाभर तेल किंवा तूप घालून दिवसातून दोनतीनदा भरवावी. चालत असेल त्या घरी अंडे द्यावे. आणि अंगावरचे दूध चालूच ठेवावे. हगवण किंवा ताप येऊन गेला असेल, तर बरे झाल्यावर निदान दोन आठवडे रोज एक वेळचे जेवण अधिक द्यावे. ह्या गोष्टी सासूबाईंसमक्ष सांगाव्यात, कारण चुलीपाशी त्यांचाही शब्द चालतो. आणि तो तक्ता आईच्या हाती देऊन मागचा ठिपका कोठे होता व आजचा कोठे आहे, हे तिलाच बोटाने दाखवावयास लावावे. पुढच्या महिन्याचा ठिपका पाहावयास ती रानातले काम अर्ध्या दिवसासाठी टाकूनही येते.