रंगरूट ते जवान

सैन्यात भरती झालेल्या मुलाला निरोप देण्यासाठी एस.टी. स्थानकावर सारी भावकी लोटते. कपाळी कुंकू, गळ्यात हार आणि हाती काळी ट्रंक घेतलेला तो तरुण सर्वांच्या पाया पडतो. त्या गर्दीत आईच्या ओठांवर मात्र एकच प्रश्न असतो : 'आता पुन्हा कधी येशील?' हा प्रश्न साधा असला, तरी त्याचे उत्तर मुलाच्या हाती नसते. ते सैन्याच्या शिस्तीत आणि नियमांत दडलेले असते. ते नियम आधीच ठाऊक असले, तर घर आणि जवान या दोघांचीही पुढची वाट सुकर होते.

पायदळ हा भूसेनेचा कणा होय. प्रत्येक रेजिमेंटचे एक प्रशिक्षण केंद्र असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावी, तर महार रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशातील सागर येथे आहे. मराठा रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण १७६८ मध्ये उभारली गेली. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एका गावातील ४६ वीरांनी पहिल्या महायुद्धात प्राण वेचले. म्हणूनच हे गाव आज 'अपशिंगे मिलिटरी' या नावाने ओळखले जाते. नव्या मुलाच्या खांद्यावर असा हा वारसा येतो.

१४ जून २०२२ रोजी 'अग्निपथ' योजना जाहीर झाली. तेव्हापासून साधा शिपाई 'अग्निवीर' म्हणून चार वर्षांसाठी भरती होतो. प्रशिक्षणाचा काळ याच चार वर्षांत धरला जातो. मुलगा अठरा वर्षांखालील असल्यास भरतीच्या कागदांवर पालकांची सही लागते. ही सही करण्यापूर्वी सर्व अटी घरात मोठ्याने वाचून घ्याव्यात, हे उत्तम.

केंद्रात पाऊल टाकताच नव्या मुलाला 'रंगरूट' हे नाव मिळते. प्रथम केस बारीक कापले जातात, मग गणवेश, बूट आणि अंथरूण-पांघरूण मिळते. पहाटे उजाडण्यापूर्वीच दिवस सुरू होतो. धावणे, दोरावर चढणे, अडथळे ओलांडणे यांनी शरीर घडते, तर कवायतीने अनेकांची पावले एक होतात. त्यानंतर रायफल उघडणे, साफ करणे, पुन्हा जोडणे आणि अचूक नेम साधणे हे शिक्षण येते. नकाशा वाचणे, आडोसा घेत पुढे सरकणे, जखमी सोबत्याला उचलून आणणे हेही शिकावे लागते. सायंकाळी हजेरी होते, लंगरात जेवण होते आणि थकलेला जीव बिछान्यावर पडताच झोपी जातो.

हे सारे शिकविणाऱ्या शिक्षकाला रंगरूट 'उस्ताद' म्हणतात. उस्तादांचा आवाज कठोर असतो. बुटाला पॉलिश नाही, चादरीला सुरकुती आहे, एवढ्या कारणावरूनही शिक्षा होते. पहिले काही आठवडे घराची आठवण तीव्रतेने येते, हिंदीतील हुकूम कानांना परके वाटतात. अशा वेळी खचून जाऊ नये. आज क्षुल्लक वाटणारी ही काटेकोर सवयच उद्या सीमेवर त्याचा आणि शेजारच्या सोबत्याचा जीव वाचविते. ज्याने रायफल नीट साफ केली नाही, त्याची रायफल नेमक्या क्षणी दगा देते.

या काळात रजेची अपेक्षा ठेवू नये. घरी मृत्यू झाला किंवा कोणी अत्यवस्थ असले, तर अधिकारी विचार करतात. परंतु लग्न, जत्रा वा पेरणी ही कारणे सहसा पुरेशी ठरत नाहीत. आजारपणामुळे किंवा गैरहजेरीमुळे शिक्षण बुडाले, तर रंगरुटाला मागच्या तुकडीत घालण्यात येते आणि बुडालेले शिक्षण पुन्हा घ्यावे लागते. प्रशिक्षणाच्या अखेरीस 'कसम परेड' होते. राष्ट्रध्वज आणि धर्मग्रंथ यांच्या साक्षीने शपथ घेतली, की रंगरूट खऱ्या अर्थाने जवान होतो.

पलटणीत रुजू झाल्यावर रजेचा हिशेब सुरू होतो. अग्निवीराला वर्षाला ३० दिवसांची रजा असते. आजारपणाची रजा वैद्यकीय सल्ल्यानुसार वेगळी मिळते. नियमित जवानाला मात्र वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. गावातील जुन्या फौजीचे अनुभव ऐकून अग्निवीराच्या घरच्यांनी तशीच अपेक्षा बाळगल्यास निराशा पदरी येते. शिवाय रजा केव्हा मिळेल, हे पलटणीच्या गरजेवर ठरते. परिस्थिती बिघडल्यास रजेवरील जवानालाही परत बोलाविले जाते. म्हणून बहिणीच्या लग्नाची तारीख धरण्यापूर्वी मुलाला विचारावे आणि त्याने वरिष्ठांकडे लवकर अर्ज करावा.

रजा संपल्यावर वेळेवर परतणे हे जवानाचे कर्तव्य आहे. लष्करी अधिनियम, १९५० च्या कलम ३९ नुसार परवानगीवाचून गैरहजर राहणे किंवा सबळ कारणाशिवाय रजेनंतर थांबणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. घरी खरोखरच अडचण आली, तर रजा संपण्यापूर्वीच पलटणीला कळवून मुदतवाढ मागावी. स्वतः आजारी पडल्यास जवळच्या लष्करी रुग्णालयात जावे आणि कागदपत्रे जपून ठेवावीत. 'दोन दिवसांनी काय होते?' असे म्हणणारी माया मुलाला संकटात लोटते.

आर्थिक बाजूही समजून घ्यावी. योजना जाहीर झाली तेव्हा पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये वेतन ठरले. त्यातील ९,००० रुपये 'सेवा निधी'त जमा होतात आणि शासन तेवढीच भर घालते. चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतात. निवृत्तिवेतन मात्र मिळत नाही. एका तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांना पुढे नियमित सेवेत घेतले जाते. उरलेल्यांना ऐन पंचविशीच्या आसपास नवे जीवन उभारावे लागते.

म्हणूनच शिक्षण सोडू नये. दहावी उत्तीर्ण अग्निवीरांना बारावी पूर्ण करता यावी, यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेमार्फत विशेष अभ्यासक्रम आखण्याचे २०२२ मध्येच जाहीर झाले. सैन्यात शरीर घडते, शिस्त लागते. त्यांना विद्येची जोड मिळाली, तर गणवेश उतरविल्यावरही माणूस ताठ उभा राहतो.

आईच्या प्रश्नाला मुलगा नक्की तारीख देऊ शकणार नाही. पण 'रजा मंजूर होताच येईन आणि वेळेवर परतेन', एवढे उत्तर तो निश्चयाने देऊ शकतो. त्या उत्तराचा अर्थ जाणून त्याला हसतमुखाने निरोप देणारे घरही, एका परीने, देशसेवाच करीत असते.