दहा गुंठे, सहा घरे आणि साडेसात हजार लिटर

दहा गुंठ्यांतल्या भाजीला उन्हाळ्यात रोज सुमारे ७,५०० लिटर पाणी लागते. ती भाजी खाणारी चार-चार माणसांची सहा घरे धरली, तर जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या निकषाने त्यांच्या वाट्याला रोज १,३२० लिटर येतात. म्हणजे माणसांच्या पावणेसहा पट पाणी भाजीला. जालना जिल्ह्यात सामाईक परसबागेत वाटेकरी व्हायचे का, हे भाजीच्या भावावरून ठरवायला गेले की हिशेब चुकतो. तो या गुणोत्तरापासून मांडायला हवा.

दहा गुंठे आले कुठून, ते आधी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहार मार्गदर्शिकेनुसार प्रौढ माणसाने दिवसाला ४०० ग्रॅम भाजी खावी. आधीचा आकडा ३०० होता. नव्या ४०० पैकी १०० ग्रॅम कंदमुळांचे. बटाटा छोट्या बागेत परवडत नाही, म्हणून ते वगळू. उरलेल्या ३०० ग्रॅमच्या हिशेबाने चार माणसांना वर्षाला ४३८ किलो भाजी लागते. देशात भाजीपाल्याचे सरासरी उत्पादन हेक्टरी साधारण १८ टन, म्हणजे चौरस मीटरला १.८ किलो. वर्षाला दोन पिके घेतली तर एका घराला सव्वा गुंठा पुरतो, वाटा आणि बांध धरून दीड. सहा घरांचे नऊ गुंठे. एक गुंठा खत, रोपे आणि चुकांसाठी.

पाणी मोजणे सोपे आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. दहा गुंठे म्हणजे हजार चौरस मीटर. हिवाळ्यात भाजीची रोजची गरज ४ मिलिमीटर आणि उन्हाळ्यात साडेसात धरली, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी ४.८ लाख लिटर आणि मार्चपासून मृगापर्यंतच्या शंभर दिवसांत ७.५ लाख लिटर लागतात. बेरीज १२.३ लाख. ठिबक आणि पाचटाच्या आच्छादनाने यातला तिसरा हिस्सा वाचला, तरी सव्वाआठ लाख उरतात.

जिल्ह्याचा सरासरी पाऊस ६५० ते ७५० मिलिमीटर. म्हणजे त्या दहा गुंठ्यांवर वर्षभरात सुमारे सात लाख लिटर पडते. सगळे अडवले तरी ते ठिबकच्याही गरजेला पुरत नाही. वाईट वर्षी पाऊस ४०० ते ४५० मिलिमीटरवर येतो, आणि वाईट वर्ष इथे अपवाद नाही. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात जालन्याच्या आठपैकी पाच तालुके होते: अंबड, बदनापूर, भोकरदन, जालना आणि मंठा.

त्यामुळे बागेला दुसऱ्या कुणाचे तरी पाणी लागते. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतले एक मोठे तळे ३० मीटर बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. काठाचा उतार धरून त्यात सुमारे २१.९६ लाख लिटर मावते. कागदावर ते पुरून उरते. पण तळे भरलेले असेल आणि त्यात प्लॅस्टिकचे अस्तर असेल तरच. नसेल तर झिरपा आणि बाष्पीभवन आपला वाटा आधी उचलतात. शिवाय मोसंबी किंवा द्राक्षाचा बागायतदार शेजारी असेल, तर मे महिन्यात त्याचे झाड आधी की आपली मेथी, याचे उत्तर सगळ्यांना ठाऊक असते. पाणी टँकरनेच आणायचे म्हटले, तर दहा हजार लिटरचा एक टँकर ३२ तासांत संपतो.

आता पैसे. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात ग्रामीण भारताचा माणशी मासिक खर्च ४,१२२ रुपये आहे, त्यात भाज्यांचा वाटा ६.०३ टक्के, आदल्या वर्षी तो ५.३८ होता. म्हणजे माणशी महिना २४९ रुपये आणि चौघांच्या घराला वर्षाला सुमारे ११,९०० रुपये. या २४९ रुपयांत महिन्याची १२ किलो भाजी बसवायची तर सरासरी भाव किलोला २१ रुपयांच्या आत हवा. तो क्वचितच असतो. तेव्हा ४०० ग्रॅमचे ताट बहुतेक घरांत भरतच नाही, एवढे या भागाकारातून दिसते. (याच आकड्यात एक गंमत आहे. घरची भाजी सर्वेक्षणात शेतावरच्या दराने धरली जाते, बाजारातल्या नव्हे. म्हणून जो स्वतः पिकवतो तो कागदावर कमी खातोसा वाटतो.)

बागेने या खर्चाचा तीन चतुर्थांश भाग उचलला, तर वर्षाला सुमारे ८,९५० रुपये वाचतात. समोर श्रम ठेवा. प्रत्येक घराने रोज अर्धा तास दिला तर वर्षाचे १८२ तास होतात. २०२५-२६ चा महाराष्ट्रातला रोहयोचा दर ३१२ रुपये, म्हणजे तासाला ३९. त्या दराने श्रमांची किंमत सुमारे ७,१०० रुपये. उरले १,८५०, महिन्याला दीडशे. बियाणे, खत आणि ठिबकची नळी यांतूनच जायची. बियाणे यातली सर्वांत छोटी रक्कम, निदान इथे तरी: बद्रीनारायण बारवाले यांची महिको ही बियाणे कंपनी १९६४ पासून जालन्याची आहे, आणि त्यांची सुरुवातच भेंडीच्या बियाण्याची.

हा अर्धा तास कोणाचा, हेही आकडे सांगतात. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनमोल घरकामात स्त्रियांची रोज २८९ मिनिटे गेली, पुरुषांची ८८. २०१९ मध्ये हे आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे सुटली; बाग तिच्याच गळ्यात पडली तर एका दिवसात तीस मिनिटे परत जातील. राज्याच्या ‘उमेद’ ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या पोषण परसबागांच्या मोहिमा बचत गटांतूनच चालतात, म्हणजे पाळीच्या वहीत नावे बायकांची. मला हा हिशेबातला सर्वांत दुर्लक्षित आकडा वाटतो.

भावाकडे पाहून ठरवणाऱ्यांसाठी दोन आकडे. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशात भाज्यांची किरकोळ महागाई ४२.१८ टक्के होती, ऑक्टोबर २०२५ मध्ये उणे २७.५७. दोन्ही खरे. ऑक्टोबर २०२३ चा भाव १०० धरला तर वर्षाने तो १४२ होतो आणि आणखी वर्षाने १०३. पहिल्या वर्षी बागेत शिरलेला शहाणा ठरला, दुसऱ्या वर्षी शिरणारा भावासाठी शिरला असेल तर फसला. दोन वर्षे थांबलेल्याचे तीन रुपये गेले.

भडका उडतो तो बहुधा पावसाळ्यात आणि त्याच्या पाठोपाठ. जुलै २०२३ मध्ये भाज्यांची महागाई ३७.३४ टक्के होती, एकट्या टोमॅटोची २०० टक्क्यांहून अधिक. आणि नेमके पावसाळ्यातच जालन्यात भाजीला पाणी फुकट असते. जूनच्या मध्यावर पेरलेली मेथी महिन्याभरात निघते. भेंडी आणि गवारीला ४५ ते ६० दिवस, म्हणजे ऑगस्ट. लागण जुलैत केलेला टोमॅटो ऑक्टोबरपर्यंत हाती येतो. जुलैचा भडका बागेला चुकतो, ऑक्टोबरचा सापडतो. कांदा-बटाट्याचा भाव मात्र बाग असली काय, नसली काय, सारखाच भरावा लागतो.

मग मार्चपासून मृगापर्यंत बाग बंद ठेवली आणि भाजी जुलैपासूनचे आठच महिने धरली तर? घरटी वाचणारे पैसे ६,००० वर येतात, श्रम ४,७०० वर. शिल्लक १,३००. वर्षभराच्या बागेपेक्षा साडेपाचशे कमी, पण पाण्याची गरज १२.३ लाखांवरून ४.८ लाख लिटरवर उतरते, म्हणजे ६१ टक्के कमी. घरटी साडेपाचशे रुपयांसाठी सगळ्या बागेचे साडेसात लाख लिटर खर्चायचा सौदा, तोही एप्रिलमध्ये, मी करणार नाही. आठ महिन्यांच्या बागेत जरूर जावे, विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी टिकत असेल तर. बारमाही बागेचे आमंत्रण आले तर मेच्या शेवटच्या आठवड्यात ती विहीर पाहून यावी.

उरला प्रश्न सोबत्यांचा. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी केरळ आणि तेलंगणातल्या स्त्रियांच्या गटशेतीची तुलना वैयक्तिक शेतीशी केली. केरळात सरकारच्या कुटुंबश्री अभियानातल्या गटांचे हेक्टरी उत्पादनमूल्य वैयक्तिक शेतीच्या १.८ पट निघाले. तेलंगणात गट उत्पादनात मागे राहिले, आणि निव्वळ उत्पन्नात बरोबरी साधली ती मजुरी वाचल्यामुळे. केरळात गट चार ते दहा जणींचे, भर भाजी-केळीसारख्या नगदी पिकांवर. तेलंगणात गट मोठे आणि पीक धान्याचे. फरक एकट्या संख्येने पडला असे म्हणता येत नाही, पण संख्येचे गणित घरीही करता येते. सहा घरांत एकाने अंग चोरले तर उरलेल्या पाचांवर रोज सहा-सहा मिनिटे चढतात. बारा घरांत पावणेतीन. सहा मिनिटांबद्दल भांडण होते, पावणेतीन मिनिटांबद्दल कोणी विचारत नाही, आणि मग दुसराही येईनासा होतो. बचत गटात दहा ते वीस बाया असतात. बागेसाठी त्याचे दोन किंवा तीन तुकडे करून, प्रत्येकाला वेगळे वाफे आणि वेगळी वही दिलेली बरी.