हात हलवला, लाइट लागला!

एप्रिल महिना. वर्ध्याचं ऊन नुसतं भाजून काढतंय. परीक्षा तोंडावर आली म्हणून तुम्ही लायब्ररीच्या कोपऱ्यात मान खाली घालून बसलाय. आणि अचानक लाइट गुल! लोडशेडिंग? नाही हो. शेजारच्या टेबलवरचा मित्र वर न बघताच हात हवेत हलवतो. लाइट सुरू. दहा मिनिटांनी पुन्हा तेच.

ही म्हणे ‘स्मार्ट’ बिल्डिंग!

यात सेन्सरचा काही दोष नाही. छतावरचा तो पांढरा गोल डबा, म्हणजे पीआयआर सेन्सर, हलणाऱ्या शरीराची उष्णता टिपतो. जिना, पॅसेज, वॉशरूम इथं तो भारी काम करतो. पण मन लावून वाचणारा माणूस हलतच नाही, आणि सेन्सरला वाटतं खोली रिकामी आहे. यंत्र बरोबर, जागा चुकली.

मोठ्या इमारतींचं नेमकं इथंच गणित बिघडतं. आधी सेन्सर विकत घेतात आणि मग ते लावायचे कुठं ते शोधतात. खरं तर पहिला प्रश्न हवा : या आकड्यामुळे आपण कोणता निर्णय बदलणार? उत्तर नसेल, तर सेन्सरही नको.

आता कॉलेजचं वीजबिल घ्या. मोठ्या ग्राहकांना फक्त युनिटचे पैसे लागत नाहीत. महिन्याभरात एकाच वेळी जास्तीत जास्त किती भार घेतला, त्याचाही आकार बिलात असतो. सकाळी अकराला पाण्याचा पंप, लॅब आणि सगळे एसी एकदम सुरू झाले की तो आकडा वर जातो. मेन पॅनलवर वीज मोजणारा एक सेन्सर बसवला की हे लगेच दिसतं. निर्णय काय? पंप सकाळी सातला लावा. बस्स! (पॅनल उघडायचं काम मात्र परवानाधारक वायरमनचंच. तिथं हिरोगिरी नको.)

दुसरं उदाहरण आपल्या विदर्भाच्या लाडक्या कूलरचं. कूलरच्या खोलीत नुसतं तापमान मोजून भागत नाही. खिडकी बंद असली की ओलावा साचतो. आकडा कमी दिसतो, पण अंग चिकचिकतं. तिथं आर्द्रताही मोजायला हवी. उलट एसीच्या बंद सेमिनार हॉलमध्ये कार्बन डायऑक्साइड बघा. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम असतो. हॉलमध्ये तो हजाराच्या बराच वर गेला, तर ताजी हवा कमी पडतेय असं समजा. दुपारच्या लेक्चरला येणारी प्रत्येक जांभई सरांमुळेच असते असं नाही!

जागेचे नियम साधेच आहेत. तापमानाचा सेन्सर उन्हात नको, तापणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर नको आणि कूलर-एसीच्या झोतासमोर तर नकोच. माणूस बसतो साधारण त्या उंचीवर लावा. वायफाय तिथवर पोचतं का, बॅटरी कोण बदलणार, हेही आधीच लिहून ठेवा. होस्टेलमध्ये लावणार असाल तर तिथल्या मुलामुलींना आधी विचारा. खोलीत माणूस आहे की नाही, एवढंच कळायला कॅमेरा लागत नाही.

नीट प्लॅन केलेला सेन्सर पाहायचा असेल, तर लसींच्या फ्रिजकडे बघा. बहुतेक लसी २ ते ८ अंशांतच ठेवाव्या लागतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या सरकारी ‘ई-विन’ योजनेत या फ्रिजमध्ये तापमान नोंदवणारे सेन्सर आले. तापमान मर्यादेबाहेर गेलं की जबाबदार कर्मचाऱ्याला अलर्ट जातो. एक प्रश्न, एक आकडा, एक माणूस. तो धावून जाणारा माणूस ठरलेला नसेल, तर डॅशबोर्ड म्हणजे नुसती रोषणाई.

आणि एकदा सेवाग्रामलाही जाऊन या, भर उन्हात. गांधीजी तिथं १९३६ मध्ये राहायला आले. बापू कुटी मीराबेननी उभारली. माती, बांबू, वर कवेलू. एकही सेन्सर नाही. जाड मातीची भिंत हळू तापते आणि पुढे आलेलं छप्पर तिच्यावर ऊन पडू देत नाही. तापमान सांभाळण्याचं काम इमारतच करते. आपल्या काँक्रीट-काचेच्या इमारतींना ते जमत नाही, म्हणून तर सेन्सर लागतात. त्यामुळे पश्चिमेच्या खिडकीला सावली हवी असेल, तर आधी सावली करा, सेन्सर नंतर.

मग सुरुवात कुठून करायची? एक वही घ्या. आठवडाभर, दर दोन तासांनी, आपल्या डिपार्टमेंटच्या प्रत्येक खोलीत चक्कर मारा. माणसं किती, पंखे-लाइट किती सुरू, खिडकी उघडी की बंद, सगळं लिहा. सातव्या दिवशी कळेल की खरी गळती दोन-तीन ठिकाणीच आहे. तिथंच ईएसपी३२ बोर्ड आणि स्वस्तातला सेन्सर लावून बघा. महिन्याभराचे आकडे घेऊन प्राचार्यांकडे गेलात, तर तो फायनल इयरचा प्रोजेक्ट तर होईलच, पण कॉलेजचं बिल कमी केलं हे मुलाखतीत सांगण्यासारखं कामही होईल.

आणि त्या लायब्ररीचं काय? तिथं नवीन काहीच आणायला नको. सेन्सरची वेळ दहा मिनिटांवरून तीस करा. वाचणाऱ्याला सारखा हात हलवावा लागणार नाही.