मंडळाची कामे एका फलकावर: कोणते ॲप निवडावे?

आपल्या मंडळाचा गणेशोत्सव, कोजागरी, स्नेहसंमेलन यांची आखणी सध्या व्हॉट्सॲप गटावर होते. तिथे निरोप पोहोचतो, पण काम कुठवर आले ते कळत नाही. "हॉलचे पैसे भरले का?" हा प्रश्न शुभेच्छांच्या गर्दीत हरवतो. अशा वेळी फलक-पद्धतीची ॲप्स उपयोगी पडतात.

ही पद्धत जुनी आहे. जपानमधील टोयोटा कारखान्यात ताइची ओनो यांनी १९५०च्या दशकात ती रुजवली. तिचे नाव 'कानबान', म्हणजे पाटी किंवा फलक. मोबाइलवरील फलकावर तीन रकाने करायचे: 'करायचे', 'चालू' आणि 'झाले'. प्रत्येक कामाचे एक कार्ड. काम पुढे गेले की कार्ड बोटाने पुढच्या रकान्यात सरकवायचे.

ट्रेलो: २०११ साली आलेले, शिकायला सर्वांत सोपे. बटणे इंग्रजीत असली तरी कार्डे मराठीत लिहिता येतात. मोफत योजनेत साधारण १० जणांचा गट बसतो. एका कार्डावर कितीही नावे घालता येतात, ही मात्र सोय कमी आणि अडचण जास्त. तिघांवर सोपवलेले काम कोणाचेच नसते.

असाना: इथे एका कामाला एकच जबाबदार व्यक्ती नेमता येते. बँकेत व्हाउचरवर सही कोणाची, हे जसे स्पष्ट असते तसेच हे. मोठ्या कामाचे पोटभाग पाडता येतात. मात्र पडद्यावर बरेच काही असल्याने ज्येष्ठांना गोंधळायला होते.

मायक्रोसॉफ्ट प्लॅनर: ज्यांच्या कार्यालयात मायक्रोसॉफ्ट ३६५ आहे त्यांना परिचित. पण कार्यालयाच्या खात्यावर मंडळाचे काम चालवणे योग्य नाही.

नोशन: तीच माहिती फलक, तक्ता किंवा कॅलेंडर अशी पाहता येते. अहवाल आणि जुन्या नोंदी जपायला उत्तम, पण मांडणी करणारा एक जाणकार हवा.

माझ्या मते आपल्यासाठी ट्रेलो पुरेसे आहे. फक्त तीन पथ्ये पाळावीत. प्रत्येक कार्डावर एकच नाव आणि एक तारीख असावी. फलक 'खासगी' ठेवावा, कारण सार्वजनिक केलेला फलक कोणालाही इंटरनेटवर दिसू शकतो. देणगीदारांचे फोन क्रमांक, बँक खात्याचा तपशील किंवा पासवर्ड त्यावर कधीही लिहू नयेत. हिशेबासाठी आपले कॅशबुकच बरे.

फलकाचा खरा उपयोग वेगळाच आहे. 'चालू' रकान्यात त्याच चार-पाच जणांची नावे पुन्हा पुन्हा दिसू लागली की कामाचा भार कुठे साचला आहे ते सर्वांना समजते. नव्याने आलेल्या कुटुंबांना मदत करायची असते, पण कोणते काम मोकळे आहे हे त्यांना कोणी सांगत नाही. 'करायचे' रकान्यातले बिननावाचे कार्ड ते सांगते. शिवाय चिटणीस बदलले तरी मांडववाला, भटजी, ध्वनियंत्रणा, परवानगी अशी कामांची यादी त्यांच्या डोक्यातून निघून जात नाही. गेल्या वर्षीच्या फलकाची प्रत काढायची, तारखा बदलायच्या, आणि नवे चिटणीस पहिल्या दिवसापासून कामाला लागतात.

सुरुवात कोजागरीसारख्या छोट्या कार्यक्रमाने करावी. दहा-बारा कार्डे पुरतात. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा तीच यादी कागदावर उतरवून कार्यालयाच्या सूचनाफलकावर लावावी.