ठिणगी फायबरमध्ये नाही, जोडण्यात आहे

ऑप्टिकल फायबरमधून वीज वाहत नाही, मग गॅस साचलेल्या जमिनीखालच्या केबल-चेंबरमध्ये बसून ते जोडायला काय हरकत आहे? हा गैरसमज जिवावर बेतू शकतो. फायबरमध्ये ठिणगी नाही हे खरं, पण ते जोडणाऱ्या फ्यूजन स्प्लायसरमध्ये ती असतेच. यंत्रातले दोन इलेक्ट्रोड फायबरच्या टोकांपाशी विजेची कमान पेटवतात, तेव्हा कुठे काच वितळून एकजीव होते. हवेत मिथेन 5 ते 15 टक्के असेल, तर स्फोटाला तेवढी कमान पुरते. भरीला फायबर पुसायचं आयसोप्रोपिल अल्कोहोलही ज्वालाग्राही.

‘तुटलं तिथेच उतरून जोडायचं’ हीसुद्धा नुसती समजूत. केबल टाकतानाच चेंबरमध्ये काही मीटर जादा केबल गुंडाळून ठेवतात, ती याचसाठी. दुरुस्तीच्या वेळी ती वर ओढायची, जोड व्हॅनमध्ये किंवा तंबूत करायचा, क्लोजर, म्हणजे जोडावरचं कवच, घट्ट बंद करायचं आणि मग खाली सोडायचं. यात जीव वाचतो, तसा जोडही सुधारतो. काच 125 मायक्रॉन जाड, प्रकाश नेणारा गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा. टोक तिरकं कापलं गेलं किंवा धुळीचा एक कण बसला, की जोड बिघडलाच. चिखलात वाकून हे साधण्यापेक्षा टेबलावर साधलेलं केव्हाही बरं.

केबल वर येतच नसेल, तर मेकॅनिकल स्प्लाइस असतो. खोबणीत दोन टोकं भिडवायची. मधली फट खास जेल भरून काढतं. ना कमान, ना बॅटरी. त्याला कामचलाऊ म्हणून नाक मुरडणं अन्यायाचं आहे. फ्यूजन जोडात प्रकाशाची घट बहुधा 0.05 डेसिबलच्या आत राहते, इथे ती 0.1 ते 0.2 च्या घरात जाते. पुष्कळ जोडण्यांना एवढी घट सहज पेलते. मात्र कमान टळली म्हणून गॅसची तपासणी टळत नाही.

ती तपासणी नाकाने होत नाही. मिथेनला वास नसतो आणि हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकच बधिर होतं. अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमांत तपासणीचा क्रमही ठरलेला आहे: आधी ऑक्सिजन, जो 19.5 टक्क्यांच्या खाली नको, मग ज्वालाग्राही वायू, मग विषारी.

टोकात उजेड दिसत नाही म्हणजे फायबर बंद, असंही नाही. 1310 आणि 1550 नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही. डोकावून पाहायचं नाही, पॉवर मीटर लावायचा. कापलेले तुकडे तिथल्या तिथे झाकणाच्या डबीत टाकायचे. अरुंद जागेत पडलेला तुकडा सापडत नाही, तो कपड्यांना चिकटून घरापर्यंत पोहोचतो.