स्वस्त प्रोसेसरची वाढीव गती: १९९८ ते २०१९

प्रोसेसरवर छापलेली गती ही त्या चिपची कमाल क्षमता नसते. कारखान्याने जिची हमी घेतली आहे अशी ती मर्यादा असते, आणि या दोहोंमधील अंतर वापरकर्त्याने स्वतः पदरात पाडून घेण्याच्या खटाटोपाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हे अंतर उरते ते मुख्यतः प्रतवारीमुळे. एकाच सिलिकॉन तबकडीवर घडलेल्या चिप तपासून त्यांच्यावर वेगवेगळ्या गतीचे शिक्के मारले जातात. परंतु उत्पादनप्रक्रिया स्थिरावली की बहुसंख्य चिप वरच्या प्रतीच्या निघू लागतात, आणि ग्राहक मात्र स्वस्त मालाचेच अधिक असल्यामुळे चांगल्या चिपवरही खालचा शिक्का बसतो.

या व्यवस्थेचा सर्वांत ठळक लाभ इंटेलच्या सेलेरॉन ३००ए या प्रोसेसरने मिळवून दिला. एप्रिल १९९८ मध्ये आलेल्या पहिल्या सेलेरॉनमध्ये दुसऱ्या स्तरावरील कॅशे, म्हणजे वारंवार लागणारी माहिती प्रोसेसरच्या हाताशी ठेवणारी जलद स्मृती, अजिबात नव्हती, आणि त्यामुळे त्याची मंदगती प्रसिद्धच झाली. २४ ऑगस्ट १९९८ रोजी आलेल्या ३००ए मध्ये ही चूक सुधारताना १२८ किलोबाइटची कॅशे थेट चिपवरच बसवली गेली आणि ती प्रोसेसरच्या पूर्ण गतीने चालू लागली. त्या काळच्या महागड्या पेंटियम २ मधील ५१२ किलोबाइटची कॅशे मात्र निम्म्या गतीने चालत असे. प्रोसेसरची गती ही बसची, म्हणजे मदरबोर्डवरील दळणवळणाच्या मार्गाची, वारंवारता आणि एक ठरावीक गुणक यांचा गुणाकार असते. ३००ए चा गुणक ४.५ वर कुलूपबंद होता, पण बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की तोच प्रोसेसर ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्झवर चाले. इंटेलचा ४४०बीएक्स चिपसेट १०० मेगाहर्ट्झसाठीच बनलेला असल्याने मेमरी आणि विस्तारपत्रे आपापल्या मर्यादेतच राहत, आणि यशाचे खरे इंगित तेथेच होते. घोषणेच्या वेळी ३००ए ची किंमत १४९ डॉलर होती, तर त्याच दिवशी आलेल्या ४५० मेगाहर्ट्झच्या पेंटियम २ ची ६६९.

पुढील दशकात एएमडीच्या ड्युरॉनवरील तुटलेले संपर्कबिंदू शिसपेन्सिलीने जोडून गुणकाचे कुलूप काढण्याची युक्ती रूढ झाली, आणि २००७ मधील १.६ गिगाहर्ट्झचा पेंटियम ई२१४० बऱ्याचदा ३ गिगाहर्ट्झच्या आसपास जाई.

तथापि वाढवलेली गती टिकते की नाही, हा प्रश्न संगणक सुरू झाल्याने सुटत नाही. अंतर्गत संकेत वेळेत पोहोचला नाही तर चिप बंद पडेलच असे नाही. ती कधीकधी निमूटपणे चुकीचे उत्तर देते, आणि बिघडलेल्या फायली ही त्याची पहिली खूण असते. हे उघडकीस आणणारे सर्वमान्य साधन ठरले ते जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या मर्सेन अविभाज्य संख्यांच्या शोधातून आलेले प्राइम९५. या आज्ञावलीत प्रचंड संख्यांचे गुणाकार दशांश अपूर्णांकांच्या मार्गाने केले जातात आणि उत्तर पूर्णांकाच्या जवळ यावेच लागते, ते ०.४ हून अधिक ढळले, किंवा अंतिम फल आधी ठाऊक असलेल्या उत्तराशी जुळले नाही, की चाचणी थांबते. संख्यांचा आकार लहान ठेवल्यास सर्व काम कॅशेतच होऊन प्रोसेसर कमाल तापतो, तर मोठा ठेवल्यास मेमरीचीही परीक्षा होते.

चाचणी फसली की व्होल्टेज किंचित वाढवण्याचा मोह होतो. पण चिपमधील वीजखर्च गतीच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ३.२ गिगाहर्ट्झ व १.१ व्होल्टवरून ४.४ गिगाहर्ट्झ व १.२५ व्होल्टवर जाताना तो सुमारे पावणेदोन पट होतो. ही उष्णता खोलीतील हवेतच सोडायची असल्याने डिसेंबरात निर्वेध पार पडलेली चाचणी नागपूरच्या मे महिन्यात पुन्हा घ्यावी लागते, हे परदेशी मार्गदर्शिकांत क्वचितच आढळते.

२०११ च्या सँडी ब्रिज पिढीत इंटेलने इतर जोडण्यांची वारंवारताही मूळ घड्याळाशीच बांधून टाकली, त्यामुळे बस वाढवण्याचा मार्ग जवळजवळ संपला आणि खुला गुणक फक्त महागड्या ‘के’ मालिकेत उरला. अपवाद ठरला तो पेंटियम नाममुद्रेला वीस वर्षे झाल्यानिमित्त २०१४ मध्ये आलेला ७२ डॉलरचा जी३२५८. त्याचे दोन गाभे, म्हणजे स्वतंत्रपणे गणना करणारे भाग, ३.२ वरून ४.४ गिगाहर्ट्झच्या आसपास सहज नेता येत, पण त्याच वर्षीचा फार क्राय ४ हा खेळ प्रारंभी एका वेळी दोनच धागे, म्हणजे आज्ञांचे प्रवाह, चालवणाऱ्या प्रोसेसरवर सुरूच होत नव्हता, आणि गती कितीही चढवली तरी ती उणीव भरून निघत नव्हती. स्वस्त चिपची खरी अडचण आता गतीची नसून गाभ्यांची आहे, हे तेव्हा स्पष्ट झाले.

दरम्यान तापमान आणि वीज मोजून क्षणोक्षणी गती चढवणारी टर्बोसारखी तंत्रे प्रोसेसरमध्येच आल्याने शिलकी क्षमता उत्पादक स्वतःच वापरू लागले. ताण चाचणीचे महत्त्व मात्र कमी झाले नाही: जानेवारी २०१६ मध्ये इंटेलने मान्य केलेला, कारखान्याच्या गतीवरही स्कायलेक प्रोसेसर गोठवणारा दोष उजेडात आला तो प्राइम९५ मधील विशिष्ट गणनांमुळेच. नोव्हेंबर २०१९ मध्ये एएमडीने खुल्या गुणकाचा ॲथलॉन ३०००जी ४९ डॉलरला आणला, पण ३.५ गिगाहर्ट्झचा हा प्रोसेसर साधारणतः ४ गिगाहर्ट्झच्या आतबाहेर थांबे. एवढ्याशा वाढीसाठी वेगळा पंखा विकत घेणे हिशेबात बसत नाही. तो पैसा दुसऱ्या मेमरी पट्टीवर किंवा अधिक गाभ्यांच्या प्रोसेसरवर खर्च करणेच शहाणपणाचे ठरते.